सर्पगंधेचं चूर्ण लागू पडलं, मग बीपीच्या गोळ्या बंद करायच्या का?

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगते. सासरे ६३ वर्षांचे. बरीच वर्षं बीपी आहे. टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ अशा दोन गोळ्या चालू आहेत आणि त्यांवर बीपी १३०/८० च्या आसपास असायचं. सकाळी उपवन तलावावर फिरायला जातात. तिथल्या ग्रुपमधल्या एका मित्राने त्यांना चूर्णाची बाटली दिली. लेबलवर सर्पगंधा, अर्जुन आणि जटामांसी एवढी तीन नावं आहेत, प्रमाण कुठेच नाही. खाली ‘१ चमचा सकाळ-संध्याकाळ’ असं छापलंय. तीन आठवडे गोळ्या आणि चूर्ण दोन्ही सुरू आहे. बीपी आता ११०/७० येतं. सासरे म्हणतात, चूर्ण लागू पडलं, उद्यापासून गोळ्या बंद. ताईंच्या लक्षात आलंय की ते दुपारी फार झोपतात, नाक सारखं चोंदलेलं असतं आणि हल्ली त्यांचं कशात मन लागत नाही. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: गोळ्या बंद करू द्यायच्या का, झाडपाल्यात बीपीचं खरं औषध असतं का, आणि सासऱ्यांना समजवायचं कसं.

ताई, आधी आजचं काम. चूर्ण आजपासून बंद करा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. सासऱ्यांना आज किंवा उद्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि चूर्णाची बाटली सोबत घेऊन जा. नाडी मिनिटाला किती आहे ते बघायला सांगा. बीपी बसून घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० एमएमने (एमएम हे बीपी मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त खाली येत असेल, तर रात्री बाथरूमला उठताना पडण्याची भीती असते. अशा वेळी काही दिवस गोळ्यांचा डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, कारण सर्पगंधेचा परिणाम चूर्ण थांबवल्याबरोबर जात नाही, एक-दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतो. तो ओसरला की बीपी परत वर जाणार, आणि तेव्हा गोळ्या अंगात असायला हव्यात. शौचाला काळं होत असेल, भोवळ येऊन पडले असतील किंवा ‘जगून काय करायचं’ असं काही तोंडातून आलं असेल, तर उद्याची वाट बघू नका.

आता दुसरा प्रश्न. चूर्ण लागू पडलं हे सासऱ्यांचं म्हणणं मला खरं वाटतं. माझी काळजी तिथूनच सुरू होते. तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी, म्हणजे दुपारची झोप, चोंदलेलं नाक आणि उदासी, फार्माकॉलॉजीच्या पहिल्या वर्षात रेसर्पिनच्या धड्यात एका ओळीत शिकवतात. ठाण्यात फिजिशियन म्हणून बसायला लागण्याआधी मी तो धडा मुलांना शिकवत होते. रेसर्पिन सर्पगंधेच्या मुळात असतं, आणि ते जगातल्या सुरुवातीच्या खऱ्याखुऱ्या बीपीच्या औषधांपैकी एक आहे.

ही कथा आपल्या इथलीच आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळावर लेख लिहिला. वेडाच्या भरात असलेले रुग्ण या पुडीने शांत होतात आणि त्यांचं बीपीही उतरतं, असं त्यांनी नोंदवलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली औषधी द्रव्यं, वेगळी केली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन हे नाव दिलं. मग १९४९ साली परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. त्या एका लेखामुळे पाश्चात्त्य डॉक्टरांचं सर्पगंधेकडे लक्ष गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीने शुद्ध रेसर्पिन वेगळं केलं, १९५६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वुडवर्डने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि १९५७ मध्ये वकिलांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मेडिकलच्या मुलांना सिबा माहीत असते, वकील माहीत नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रेसर्पिन काम कसं करतं हे समजलं की सासऱ्यांच्या तक्रारी आपोआप उलगडतात. मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत नॉरॲड्रेनलिन साठवलेलं असतं. ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. रेसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच कायमचा निकामी करतं. पिशव्या रिकाम्या राहतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्याही सैल होऊन फुगतात म्हणून नाक चोंदतं. पण तोच पंप मेंदूतही आहे, तिथे तो डोपामिन आणि सेरोटोनिन भरतो. ते आटलं की झोप येते, मन बुजतं, आणि डोस फार असेल तर हात थरथरायला लागून पार्किन्सनसारखं चित्र दिसतं. नवे पंप तयार होईपर्यंत हे चालतं, म्हणून परिणाम रेंगाळतो. नाडी मंदावते आणि पोटात आम्ल वाढतं, हे त्यात आणखी.

आता डोसकडे या, सगळा मुद्दा तिथेच आहे. शुद्ध रेसर्पिन बीपीसाठी दिवसाला ०.०५ ते ०.२५ मिलिग्रॅम दिलं जातं. मिलिग्रॅमचा विसावा भाग ते पाव भाग. अमेरिकेच्या औषधकोशाची जुनी अट अशी की मुळाच्या पुडीत रेसर्पिनच्या गटातली अल्कलॉइडं किमान ०.१५ टक्के असावीत. माझ्या टेबलावर एक छोटा डिजिटल काटा असतो. रुग्ण चूर्ण घेऊन आले की मी त्यांनाच त्यांच्या नेहमीच्या सवयीने चमचा भरायला लावते आणि काट्यावर ओतते. चहाचा चमचा सपाट भरला तर दोन-अडीच ग्रॅम भरतात, शीग लावली तर तीनच्या वर. तुमच्या बाटलीत तीन घटक समान आहेत असं धरू. म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात एक ग्रॅम सर्पगंधा, तिच्यात दीड मिलिग्रॅम. दोन वेळा घेतलं की तीन मिलिग्रॅम. बीपीच्या वरच्या डोसच्या बारा पट! सेन आणि बोस यांनी ग्रॅममध्ये पूड दिली होती हे खरं, पण ती उग्र मनोरुग्णाला शांत करण्यासाठी. सासऱ्यांना उपवनला चार फेऱ्या मारून घरी पेपर वाचायचाय.

बाटलीत खरोखर किती आहे हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. मूळ कुठल्या जमिनीतलं, किती वर्षांचं, कोणत्या महिन्यात खणलेलं, यावर अल्कलॉइडचं प्रमाण बदलतं. बाजारात सर्पगंधेच्या नावाखाली तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची मुळं मिसळली जातात, कारण जंगलातली सर्पगंधा ओरबाडून ओरबाडून दुर्मीळ झालीय आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणजे पहिल्या बाटलीत काहीच नसेल आणि पुढच्या बाटलीत बारा पट असेल, असंही होऊ शकतं. चांगला वैद्य सर्पगंधा देतो तेव्हा तो मोजून देतो, किती दिवस हे ठरवतो, नाडी बघतो, आणि आधीपासून काय चालू आहे ते विचारतो. फिरायला येणाऱ्या मित्राने यातलं काहीच केलेलं नाही. त्याने प्रेमाने दिलं असेल, यात मला शंका नाही.

मग रेसर्पिन गेलं कुठे, असं विचाराल. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या रुग्णांपैकी काहींना ॲडेल्फेन गोळी अजून आठवते, तिच्यात रेसर्पिनच होतं. १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा एक अभ्यास छापून आला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेल्या पुरुषांमध्ये ७३ जणांना रेसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि हायड्रॅलॅझिन अशी तीन औषधं दिली, ७० जणांना नुसती खोटी गोळी. खोट्या गोळीच्या बाजूला २७ जणांना गंभीर घटना घडल्या, औषधाच्या बाजूला फक्त दोघांना. बीपी उतरवल्याने माणसं वाचतात हे ज्या अभ्यासाने ठामपणे दाखवलं, त्यात आपल्या मातीतल्या मुळाचा वाटा होता. पुढे १९७४ मध्ये रेसर्पिनचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध जोडणारे अभ्यास आले. नंतरच्या तपासणीत ते टिकले नाहीत, पण नाव खराब व्हायचं ते झालं. त्यात उदासीची धास्ती होतीच. तोवर कमी त्रासाची औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. लहान डोसमध्ये ते वाईट औषध नव्हतं, असं माझं मत आहे. कोक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र करून आढावा घेते, तिच्या आढाव्यात त्याने वरचं बीपी सरासरी ८ एमएमने उतरलेलं दिसतं, आणि आजची कुठलीही एक गोळी नेहमीच्या डोसमध्ये सरासरी ९ एमएमच उतरवते.

दुसरी कथा तर आपल्या शेजारच्या स्टेशनवरची. मुलुंडला होक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या औषधी वनस्पती एकामागून एक तपासायला घेतल्या. त्यात कोलियस फोर्सकोलाय या झुडपाच्या मुळांत बीपी उतरवणारं एक द्रव्य सापडलं, त्याचं नाव फोर्सकोलिन. आपल्या गॅलरीतल्या कुंडीत पानओवा असतो ना, त्याच्याच कुळातलं हे झुडूप. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेलाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच द्रव्य मिळालं होतं, त्यांनी त्याला कोलिओनॉल म्हटलं. प्राण्यांमध्ये त्याने बीपी उतरलं आणि हृदयाचं आकुंचनही जोरकस झालं. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याचं काम उलगडलं: पेशीतल्या ॲडेनिलेट सायक्लेज या एन्झाइमला ते थेट चालना देतं.

मग बीपीची गोळी का झाली नाही? कारण ते एन्झाइम जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. रक्तवाहिनी सैल होते तशी नाडीही पळते. शिवाय ते पाण्यात फारसं विरघळत नाही. जपानने त्याचं विरघळणारं रूप बनवून अचानक बिघडलेल्या हृदयासाठी इंजेक्शन म्हणून आणलं. बाकी जगात ते प्रयोगशाळेचं हत्यार बनलं, आणि फार मोलाचं बनलं. आज तेच फोर्सकोलिन वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये विकलं जातं. तुम्ही बीपीच्या गोळ्या घेत असाल तर त्या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नका.

संशोधनाच्या बातम्यांबद्दल इथेच बोलते. ‘अमुक पानात बीपीची गोळी सापडली’ असं वाचलं की दोन गोष्टी बघा. पहिली, प्रयोग कशावर झालाय. बहुतेक वेळा तो परीक्षानळीत असतो. तिथे बीपी चढवण्यात हात असलेल्या एसीई नावाच्या एन्झाइमवर अर्क टाकतात आणि एन्झाइम थंडावलं की बातमी होते. एसीई अडवणारी औषधं खरीच फार चांगली आहेत. त्यातलं पहिलं, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून आलं. पण झाडाच्या सालींत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं भरपूर असतात आणि टॅनिन हाती लागेल त्या प्रथिनाला चिकटतात. चहाचा काढा, डाळिंबाची साल, अर्जुनाची साल, काहीही टाका, एन्झाइम थंडावणारच. आतड्यातून ते टॅनिन रक्तात जवळजवळ पोचतच नाहीत, त्यामुळे नळीतल्या निकालाचा माणसाच्या बीपीशी संबंध राहत नाही. दुसरी गोष्ट, मात्रा. कांद्यात क्वेर्सेटिन असतं आणि माणसांवरच्या चाचण्यांत त्याने बीपी थोडं उतरलेलंही दिसलं, पण दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिल्यावर, आणि तेही वरचं चारेक एमएम. १०० ग्रॅम कांद्यात ते २० ते ४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज सव्वा किलो ते अडीच किलो कांदा. शेवग्याचंही तसंच. त्याच्या पानांतून वेगळ्या केलेल्या द्रव्यांनी उंदरांचं बीपी उतरलं, माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे. शेवग्याच्या शेंगांची आमटी करा, पानांची भाजी करा, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. अर्जुनाच्या सालीचे अभ्यास मुख्यतः छातीत दुखणं आणि हृदयाची कमजोरी यांवर झालेत. बीपीसाठी तिचं नाव जेवढं घेतलं जातं, तेवढा आधार मला दिसत नाही.

ज्यांच्यामागे माणसांवरच्या नीट चाचण्या आहेत अशा गोष्टी स्वयंपाकघरातच आहेत, आणि त्यांच्याबद्दल मी मनापासून आग्रही आहे.

बीट घ्या. २०१५ साली लंडनमध्ये बीपीच्या रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटाचा रस दिला आणि वरचं बीपी सात-आठ एमएम उतरलं. काम करतं ते त्यातलं नायट्रेट. ते रक्तातून लाळेत येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, ज्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. म्हणजे जिभेवरचे जिवाणू या साखळीतली मधली कडी आहेत. क्लोरहेक्झिडिनच्या माउथवॉशने रोज चुळा भरल्या तर ते मरतात, आणि अशा लोकांचं बीपी दोन-तीन एमएम वर गेल्याचं मोजलं गेलंय. दाताच्या डॉक्टरांनी आठवडाभर दिलं असेल तर जरूर वापरा, पण सवय म्हणून वर्षभर नको. नायट्रेट पालक आणि माठातही भरपूर आहे. मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर मात्र बीट आणि पालक रोज खाऊ नका, त्यात ऑक्झलेटही तेवढंच असतं.

जवसाबद्दल मला विशेष आस्था आहे. ती आपल्याकडे पूर्वापार आहे आणि तिच्यावरचा पुरावा चांगला आहे. कॅनडात ११० लोकांवर अभ्यास झाला, त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या होत्या आणि बहुतेकांना बीपी होतं. अर्ध्यांना रोज ३० ग्रॅम दळलेली जवस खाण्यातून दिली. सहा महिन्यांनी त्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० एमएम आणि खालचं ७ एमएम कमी होतं. जवळजवळ एका गोळीएवढं. एकाच अभ्यासावर मी घर बांधणार नाही, पण ३० ग्रॅम जवस खाण्यात तोटाही काही नाही. जवस दळलेलीच हवी, अख्खी तशीच बाहेर पडते. आणि चटणी करताना मीठ हात आखडून घाला, नाहीतर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. चार मोठे चमचे पूड ताकात किंवा भाकरीच्या पिठात घातली की झालं. गोळ्या आणि जवस यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

लसणाच्या चाचण्यांमध्ये बीपी वाढलेल्या लोकांत वरचं सरासरी आठेक एमएम उतरलेलं दिसतं, पण त्या बहुतेक मोजून भरलेल्या कॅप्सूलच्या आहेत. लसणीतलं ॲलिसिन अख्ख्या पाकळीत नसतंच, पाकळी ठेचल्यावर एन्झाइमच्या कामाने तयार होतं. गरम तेलात अख्खी पाकळी टाकली की ते एन्झाइम मरतं. ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीत घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर लसणीच्या कॅप्सूल घेत आहात हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. भाजी-आमटीतल्या लसणीची चिंता नको.

लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल लाल पाकळ्यांचा चहा अमेरिकेत ६५ लोकांना रोज तीन कप, सहा आठवडे दिला, वरचं ७ एमएम उतरलं. आपण खातो ती अंबाडीच्या पानांची भाजी, तिच्यावर ही चाचणी झालेली नाही. बाजारात सुकी लाल बोंडं मिळाली तर साखर न घालता चहा करून बघायला हरकत नाही.

आता उलट बाजू, जी घराघरांत दुर्लक्षित राहते. ज्येष्ठमध बीपी वाढवतं. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या हॉर्मोनसारखं वागू लागतं. मीठ-पाणी साठतं, पोटॅशिअम लघवीतून निघून जातं. २०२४ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन दिल्यावर दोन आठवड्यांत वरचं बीपी ३ एमएम वाढलं. वय झालेल्या, आधीच बीपी असलेल्या माणसात हे जास्त होऊ शकतं. माझ्याकडे एक बाई तीन गोळ्यांवरही बीपी आटोक्यात येत नाही म्हणून आल्या, पोटॅशिअम २.९, म्हणजे फार कमी. घशासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळायची त्यांची जुनी सवय होती. कांडी सुटली आणि काही आठवड्यांत एक गोळी कमी करता आली. बीपी हाताबाहेर गेलेल्या प्रत्येकाला मी काढा, कांडी आणि सांधेदुखीच्या पुड्या यांबद्दल विचारतेच. बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांत वेदनाशामकं आणि स्टेरॉइड मिसळलेली सापडतात, आणि दोन्हींनी बीपी चढतं.

तलावाकाठी सकाळी मिळणाऱ्या रसांपैकी दुधीच्या रसाची मला खरी भीती वाटते. दुधी कडू निघाला तर त्यात कुकर्बिटासिन नावाचं विष असतं. उलट्या, रक्ताच्या उलट्या, बीपी एकदम कोसळणं, आणि मृत्यूही झालेले आहेत. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) समितीने सांगितलंय की आधी तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या आणि दुसऱ्या रसात मिसळू नका. गाडीवर कारल्याच्या रसात मिसळलेला दुधी कडू आहे की नाही, हे कळणार कसं? दुधी घरी शिजवून खा.

सासऱ्यांना टेल्मिसार्टन चालू आहे म्हणून आणखी एक. या गोळीने पोटॅशिअम थोडं वाढतं. मूत्रपिंड चांगलं असेल तर भाज्या-फळं, कधीमधी नारळपाणी चालतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असेल, तर रोजचं नारळपाणी आणि ‘लो सोडियम’ मीठ दोन्ही धोक्याची. मूत्रपिंड चांगलं असणाऱ्यांसाठी मात्र तेच मीठ फार उपयोगी आहे. चीनमधल्या ६०० गावांत, सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या अभ्यासात २५ टक्के पोटॅशिअम क्लोराइड मिसळलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून आधी रक्ताची तपासणी, मग मीठ बदला. पपनसाचं म्हणाल तर ॲम्लोडिपिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण निफेडिपिन, फेलोडिपिन किंवा कोलेस्टेरॉलची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच खा.

सासऱ्यांना समजवायचं कसं, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. चूर्णाने बीपी उतरलं हे मान्य करा, कारण ते खरंच आहे. मग त्यांना चमचा आणि काट्याचं गणित करून दाखवा. उपवनला फिरणारी बहुतेक माणसं हिशेबाला पक्की असतात, पटकन समजतं. दुपारची झोप आणि उदासी वयाची नव्हती, चूर्णाची होती, आणि ती जाईल, हे कळलं की त्यांनाही हलकं वाटेल.

चूर्णाचा असर उतरल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, घरचं बीपी नीट मोजा. दंडावरच्या पट्ट्याचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या खाली असेल तर गोळ्या नीट काम करताहेत. त्यानंतर जवस, बीट किंवा मिठातला बदल यांपैकी एकच गोष्ट सुरू करा आणि महिनाभराने पुन्हा तसेच सात दिवस मोजा. सरासरी खरंच खाली आली असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एखाद्या गोळीचा डोस कमी करता येईल का ते विचारा. वही समोर असली की तो निर्णय घेणं आम्हालाही सोपं जातं. दोन्ही सरासरींत पाच एमएमपेक्षा कमी फरक असेल तर तो मोजण्यातलाच समजा आणि गोळ्या आहेत तशा चालू ठेवा.